१९६५चं एअर अँड स्पेस १८ए: मालकाने कुठवर हात घालावा?

मागचा_पंखा:
नमस्कार मंडळी. अमेरिकेत नोंदणी असलेलं १८ए ऑटोजायरो (वर हवेने फिरणारा रोटर असलेलं छोटं विमान) घेतलंय, इंजिन लायकॉमिंग ओ-३६०, १८० अश्वशक्ती. प्रायव्हेट पायलटचा परवाना आहे. वार्षिक तपासणी मेकॅनिककडेच राहील, पण स्पार्क प्लग, ऑइल आणि ग्रीस स्वतः करायचंय. कायद्यात काय बसतं? आणि प्लगच्या कामात नेमकं चुकतं कुठे?

लॉगबुक:
हे टाइप सर्टिफिकेट असलेलं, म्हणजे सरकारने मंजूर केलेल्या रचनेचं कारखान्यात बनलेलं यंत्र आहे, घरी बांधलेल्या बेन्सन ऑटोजायरोसारखं नाही. बेन्सनवर कुणीही पाना उचलू शकतो. तुम्हाला मात्र एफएएच्या (अमेरिकेची विमान वाहतूक नियामक संस्था) नियमांच्या भाग ४३, परिशिष्ट ए, परिच्छेद सी मधली यादीच लागू. प्लग काढणं, साफ करणं, गॅप लावणं, फिल्टर, टायर, बॅटरी, सेफ्टी वायर, कॉटर पिन हे सगळं चालतं. ग्रीसही चालतं, पण फक्त झाकणं-काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढून जिथे पोचता येतं तिथेच. रोटर हेड उघडणं, पाती, रोटर फिरवणारा क्लच आणि कंट्रोलचे दांडे यांना हात लावू नका. प्रोपेलरवरची खोक कानशीने घासणंसुद्धा यादीत नाही, ते मेकॅनिकला दाखवा.

काम झालं की लॉगबुकात कामाचं वर्णन, तारीख, सही, परवान्याचा क्रमांक आणि प्रकार लिहा. शिवाय काम मॅन्युअलमधल्या पद्धतीनेच व्हायला हवं, म्हणून आधी मूळ मॅन्युअल हाताशी ठेवा.

तांब्याची_वॉशर:
प्लगचं सांगतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात.

आठही प्लग काढताना आठ भोकांच्या ट्रेमध्ये सिलिंडर क्रमांक आणि वर-खाली अशी जागा लिहून ठेवा. खालच्या प्लगमध्ये तेल आणि शिशाचे बारीक खडे जमतात, ते टोकदार पिकने काढा. तारेच्या ब्रशने घासू नका. गॅप ०.०१६ ते ०.०२१ इंच. ती कमी करताना बाहेरचा इलेक्ट्रोड हळू हळू आत दाबा. जास्त दाबला तर परत उघडू नका, आतली चिनीमाती तडकते. हातातून पडलेला प्लग सरळ टाकून द्या, तडा बाहेरून दिसत नाही.

परत बसवताना फिरवाफिरव करा. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२-४, तर १ चा खालचा प्लग ३ च्या वर, ३ चा खालचा २ च्या वर, असं. त्यामुळे घाणही वाटली जाते आणि इलेक्ट्रोडची झीजही समान होते. दर वेळी नवी तांब्याची वॉशर, टोकाचा पहिला आटा सोडून अगदी थोडं अँटी-सीझ (आटे अडकू नयेत म्हणून लावायची पेस्ट), आणि टॉर्क ३० ते ३५ फूट-पाउंड. प्लगच्या वायरच्या टोकाची काटकोनी नळी हातात घट्ट धरून नट बोटांनी आवळा, मग पान्याने अष्टमांश फेरा. नळी नटाबरोबर वळली की आतली वायर पिळते आणि पुढे मिसफायर सुरू होतो.

मागचा_पंखा:
फार छान. ऑइल फिल्टर उघडून पाहायला हॅकसॉ चालेल का?

सेफ्टी_वायर:
नाही. हॅकसॉचा लोखंडी भुगा फिल्टरच्या कागदात मिसळला की खरे कण कुठले ते कळत नाही. फिल्टर कटर वापरा, कागद उलगडून पिळा, तेल स्वच्छ ट्रेमध्ये घ्या आणि चुंबक फिरवा. चुंबकाला कण चिकटले तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

फिल्टर असेल तर ५० तासांनी ऑइल बदला, नुसती जाळी असेल तर २५ तासांनी. फार उडवलं नाही तरी दर चार महिन्यांनी बदलायचंच. जुनं ऑइल इंजिन गरम असतानाच काढा. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला डीसी-४ (सिलिकॉनचं वंगण) लावा, टॉर्क १६ ते १८ फूट-पाउंड.

ग्रीस भरताना आधी कुठलं आहे ते बघा. मातीवर आधारित आणि लिथियमचं ग्रीस मिसळलं तर ते पातळ होऊन बेअरिंगबाहेर येतं.

आणि लक्षात ठेवा, हे पुशर आहे, म्हणजे प्रोपेलर मागे आहे. सुटलेला स्क्रू, कापलेल्या वायरचा तुकडा, विसरलेली वॉशर, सगळं वाऱ्याबरोबर प्रोपेलरवर जातं. म्हणून काम सुरू करताना काढलेल्या वस्तू मोजा, काउलिंग लावण्याआधी परत मोजा. सेफ्टी वायरचं टोक वळवून आत दाबा. प्रोपेलर हाताने फिरवायचा असेल तर प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून ठेवा, कारण मॅग्नेटोची (प्लगला ठिणगीची वीज देणारं यंत्र) ग्राउंडची वायर तुटलेली असली तर स्विच बंद असूनही इंजिन पेटू शकतं.