नैराश्यावरची गोळी सकाळी की रात्री? आपले अनुभव लिहा

नैराश्यावरचे औषध सुरू होताना ते कोणते आणि किती मिलीग्रॅमचे, यावर डॉक्टरांशी बोलणे होते. दिवसाच्या कोणत्या वेळी घ्यायचे हा प्रश्न मात्र पुष्कळदा चिठ्ठीवरच्या एका खुणेत आटोपतो. पुढे महिनोनमहिने रोज त्या वेळेशी आपली गाठ असते. म्हणून हा धागा केवळ वेळेविषयी आहे. आपण वेळ कशी ठरवली, बदलली असल्यास का बदलली आणि काय फरक पडला, ते सविस्तर लिहावे. औषधाचे नाव आवर्जून द्यावे, कारण एका औषधाचा अनुभव दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. वेळ बदलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे, ही विनंती सर्वांनाच आहे.

सुरुवात मी करते. मला सर्ट्रालिन ५० मिलीग्रॅम रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितले होते. मळमळ झालीच तर ती झोपेत निभावून जाईल, हा त्यामागचा विचार होता. मळमळ झाली नाही, पण झोप गेली. अंग थकलेले आणि डोके लख्ख जागे, अशा अवस्थेत पहाटेचे दोन-तीन वाजत. नैराश्यातही झोप उडतेच, त्यामुळे हे आजाराचे की गोळीचे, हे मला कळेना. शेवटी नऊ दिवसांची नोंद घेऊन डॉक्टरांकडे गेले. गोळी सुरू होण्याआधी मला झोप लागत असे, पण पहाटे चारला जाग येत असे. आता झोप लागतच नव्हती. हा फरक त्या नोंदीमुळेच दोघांच्या लक्षात आला आणि गोळी सकाळवर गेली. सकाळी घेतली तर रात्रीपर्यंत तिचा असर ओसरेल, अशी मला भीती होती. डॉक्टरांनी समजावले की रक्तातले सर्ट्रालिन निम्मे व्हायलाच साधारण २६ तास लागतात आणि रोज घेत राहिल्यास आठवडाभरात त्याची पातळी स्थिर होते. मनावरचा परिणाम त्या पातळीतून काही आठवड्यांनी दिसू लागतो, गोळी गिळल्याच्या तासावर तो अवलंबून नसतो. तासावर अवलंबून असतात ते दुष्परिणाम. हे वाक्य मला फार आधी कोणी सांगायला हवे होते. सकाळी रिकाम्या पोटी घेतल्यावर मळमळले, न्याहारीनंतर घेऊ लागल्यावर दोन आठवड्यांत तेही थांबले.

शिक्षिका, वय ४१

माझे नेमके उलट झाले. मी एसिटालोप्राम १० मिलीग्रॅम घेते. ते सकाळी घेतले की अकराच्या सुमाराला वर्गात उभ्या उभ्या जांभया सुरू होत आणि दुपारी डोळ्यांवर झापड येई. हे औषध सकाळी किंवा संध्याकाळी, जेवणाआधी किंवा नंतर, कसेही चालते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि आम्ही ते रात्री नऊवर नेले. दिवस मोकळा झाला. स्वप्ने मात्र पुष्कळ आणि फार स्पष्ट पडू लागली. पहिले काही आठवडे सकाळी उठल्यावर रात्रभर कुठेतरी हिंडून आल्यासारखे वाटे. वर्गात पेंगण्यापेक्षा मला ते चालण्यासारखे होते. एकाच गटातली दोन औषधे असून वरील अनुभव आणि माझा अनुभव इतका वेगळा असावा, याचा अर्थ मी एवढाच घेते की स्वतःच्या शरीराला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

लेखापाल, वय ५३

मिर्टाझापिनबद्दल सकाळ की रात्र हा प्रश्नच नाही, ते रात्रीच घ्यायचे असते, कारण ते शरीरातल्या हिस्टामिनचे काम अडवते आणि त्यामुळे झोप येते. तरीही रात्रीचे किती वाजता, हा प्रश्न उरतोच. १५ मिलीग्रॅमची गोळी मी अकराला, अंथरुणावर पाठ टेकताना घेत असे आणि सकाळी दहापर्यंत डोके जड राही. एकदा गाडी चालवताना सिग्नल उशिरा दिसला, तेव्हा मी हादरलो. डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी नऊवर आणली. या दोन तासांनी माझी सकाळ मला परत दिली. मात्र गोळी घेतल्यावर भूक खवळते आणि जेवण होऊनही खावेसे वाटते, त्यामुळे आता मी नऊनंतर स्वयंपाकघरात जात नाही.

अनुवादक, वय ३६

व्हेन्लाफॅक्सिन घेणाऱ्यांसाठी लिहिते. आमच्या बाबतीत वेळ कोणती यापेक्षा ती रोज तीच असणे जास्त महत्त्वाचे आहे. हे औषध शरीरातून लवकर जाते. त्याचे स्वतःचे प्रमाण सुमारे ५ तासांत निम्मे होते आणि त्यापासून बनणाऱ्या सक्रिय घटकाचे सुमारे ११ तासांत. दिवसातून एकदा घ्यायच्या कॅप्सूलमधून औषध सावकाश सुटते म्हणून ते दिवसभर पुरते, पण हाताशी फारशी शिल्लक राहत नाही. कामाच्या दिवशी मी आठला कॅप्सूल घेई आणि सुट्टीच्या दिवशी उठल्यावर, म्हणजे अकरा-बाराला. दर सुट्टीला मान वळवताना डोक्यातून विजेची बारीक लहर गेल्यासारखे होई, घाम येई, विनाकारण रडू फुटे. कित्येक महिने मी त्याला सुट्टीच्या दिवशी वाटणाऱ्या एकटेपणाचे नाव दिले होते. आता रोज आठला गजर होतो, उठून थोडे खाऊन कॅप्सूल घेते आणि वाटल्यास पुन्हा झोपते. त्या लहरी थांबल्या. विसर पडला तर आठवताच घ्यावी, पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर मधली सोडून द्यावी आणि दोन एकदम कधीही घेऊ नयेत, असे मला सांगितले आहे.

परिचारिका, वय २९

माझ्या कामाच्या पाळ्या बदलत असतात, त्यामुळे घड्याळ निरुपयोगी आहे. माझ्यासाठी सकाळ म्हणजे मी उठते तेव्हा. फ्लुओक्सेटिन उत्तेजक वाटू शकते म्हणून ते जागे झाल्यावर घ्यावे, हे सूत्र मी धरले. सुदैवाने हे औषध आणि त्यापासून बनणारा घटक शरीरात कित्येक दिवस टिकतात, त्यामुळे पाळी बदलताना सात-आठ तासांचा फरक पडला तरी मला काही जाणवले नाही. वर लिहिणाऱ्या ताईंना व्हेन्लाफॅक्सिनवर हे करता आले नसते.

संशोधक, वय ३३

बुप्रोपियॉन, दिवसातून दोनदा. दुसरी गोळी रात्री आठला घेत होतो आणि रात्रभर टक्क जागा राहत होतो. दोन गोळ्यांत किमान ८ तास हवेत, कारण मात्रा एकदम वाढल्यास झटके येण्याचा धोका असतो. पण १२ तासच हवेत असे नव्हते. सकाळी आठ आणि दुपारी चार अशी वेळ ठरल्यावर झोप येऊ लागली.

एका १९ वर्षांच्या मुलाचा बाप

आमच्याकडून झालेली चूक लिहितो. औषध सुरू झाल्यावर मुलाला एका जागी बसवेना. तो सतत येरझारा घाली आणि पाय हलवत राही. आम्हाला वाटले वेळ चुकते आहे. म्हणून कोणालाही न विचारता दहा दिवसांत रात्रीची गोळी सकाळी, सकाळची दुपारी, असे केले. दहाव्या दिवशी जगण्यात अर्थ वाटत नाही, असे त्यानेच सांगितले. त्याच संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ती अस्वस्थता औषधाचाच दुष्परिणाम होती आणि कोणत्याही वेळी घेतले तरी झालीच असती; ते औषध बदलावे लागले. तरुणांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, अशी ठळक सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर घालायला लावली, हे मी नंतर वाचले. मुलगा आता बरा आहे. आपल्या घरात अशी तगमग दिसली तर कृपा करून घड्याळाशी खेळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

आईची काळजी घेणारी मुलगी

आई ७४ वर्षांची आहे. अॅमिट्रिप्टिलिनने गुंगी येते म्हणून ते झोपताना दिले जाई. रात्री लघवीला उठताना तिचा रक्तदाब एकदम उतरे आणि ती दोनदा पडता पडता वाचली. गोळी संध्याकाळी सातला देऊन पाहिली, थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. शेवटी डॉक्टरांनी औषधच हळूहळू बदलले.

धाकट्या भावाविषयी, मोठी बहीण

भावाची सकाळ सर्वांत वाईट असे. दुपारनंतर तो थोडा सावरे. पॅरोक्सेटिन बहुतेकांना सकाळी देतात, तसे त्यालाही दिले होते, पण ज्या वेळी उठून बसणेच अशक्य वाटते त्या वेळी गोळी घेण्याची अपेक्षा फोल होती. आठवड्यात तीन गोळ्या चुकत आणि औषध लागू पडत नाही असे आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी पाकिटातल्या उरलेल्या गोळ्या मोजायला लावल्या, तेव्हा खरे कारण कळले. झोपेवर परिणाम होऊ शकतो हे सांगूनच त्यांनी वेळ रात्रीची केली. झोप किंचित हलकी झाली, पण महिनाभर एकही गोळी चुकली नाही. आता सात कप्प्यांची डबी त्याच्या दात घासायच्या ब्रशशेजारी असते आणि रविवारी रात्री ती तो स्वतः भरतो.