घरशाळा, वय ५ ते ८ : काय घ्यायचं, किती घ्यायचं, गाडी कुठे रुतते?

मुलाला शाळेत घालावं की नाही यावर वाद भरपूर झाला, इथे तो नको. पाच ते आठ वर्षांच्या मुलाला ज्यांनी मराठीतून घरी शिकवलं आहे, त्यांनी नेमकं लिहा: क्रम, वेळ, साहित्य, चुका. मुलांचं कौतुक आणि शाळांची गाऱ्हाणी दोन्ही बाजूला ठेवू या. सुरुवात माझ्याकडून.

अक्षरओळख

अ आ इ ई पासून सुरू करू नका. ‘अ’ आणि ‘इ’ काढायला किचकट, आणि नुसत्या स्वरांतून ‘आई’च्या पुढे फारसं काही वाचता येत नाही. ग म भ न हा जुना क्रम अजून चांगला चालतो. चौघांनाही उजवीकडे उभा दांडा आहे आणि चार अक्षरांतच मन, मग, नभ, गमन वाचता येतं. आठवड्याला दोन-तीन अक्षरं पुरे. चार झाली की लगेच काना घ्या: मामा, नाना, भाग, मान. मग र स त ल व ब क.

वेलांटी घेताना दुसरी आधी. ती अक्षरानंतर येते, म्हणजे कानाला ऐकू येते त्याच क्रमाने डोळ्याला दिसते. पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, तिथे मुलं हमखास अडखळतात. शिवाय मराठी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ असल्याने आजी, पाणी, गाडी, लाडू असे रोजचे शब्द आयतेच मिळतात. (‘आणि’ मात्र ऱ्हस्व. तो वेगळा पाठ करून घ्या.)

जोडाक्षरांत ‘र’ला वेगळा वेळ द्या. प्रकाश, ट्रक, सूर्य, दुसऱ्या ही त्याची चार रूपं एकाच दिवशी दाखवली तर चारही जातात. एका आठवड्याला एक. चाक आणि चार यांतला ‘च’ वेगळा आहे हे मात्र शिकवत बसू नका. मराठी बोलणारं मूल ते कानाने बरोबर वाचतं.

लिहिण्याआधी स्टीलच्या ताटात रव्याचा, तळ दिसेल इतका पातळ थर पसरून त्यावर बोट फिरवायचं. थर जाड झाला की रेघ बुजते. मग पाटी: आपण खडूने अक्षर काढायचं, मुलाने ओल्या बोटाने ते पुसत गिरवायचं, वाळलं की त्याच जागी खडूने काढायचं. पेन्सिल दोन-अडीच इंचाचा तुकडा. लांब पेन्सिल मुठीत धरली जाते, तुकडा चिमटीतच धरावा लागतो. शिरोरेघ शब्द पुरा झाल्यावर, डावीकडून उजवीकडे एकदाच.

आकडे

आपल्याकडे खरी अडचण आकड्यांच्या नावांत आहे. त्रेसष्ठ म्हणताना तीन आधी येतो, म्हणून मूल ३६ लिहितं. ही त्याची ढिलाई नव्हे, ते ऐकलं तसंच लिहितंय. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात जुन्या नावांच्या जोडीला ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गहजब झाला होता. घरी दोन्ही वापरा.

आइस्क्रीमच्या शंभर काड्या आणि दहा रबरबँड. दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे. सहा गठ्ठे, तीन सुट्या ठेवून आधी “सहा दहा आणि तीन”, मग “साठ तीन”, मग “त्रेसष्ठ”, आणि सगळ्यात शेवटी ६३ लिहायचं. क्रम उलटा केला की पाठांतर होतं, किंमत कळत नाही.

सगळ्यात त्रासदायक ‘एकोण’. एकोणसत्तर ऐकलं की मूल ‘सत्तर’ पकडून ७९ लिहितं. सात गठ्ठे ठेवा, एकाचं रबर सोडा, त्यातली एक काडी बाजूला काढा: एक उणे सत्तर. हे एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत चालतं. ८९ला एकोणनव्वद म्हटलं तर तिथेही चालतं, नव्व्याऐंशी म्हटलं तर नाही; ९९ नव्व्याण्णवला मात्र सूत्र तुटतंच, ते आधीच सांगून टाका. पंचावन्न-पंचाण्णव, त्रेपन्न-त्र्याण्णव या जोड्या शेजारी मांडून घ्याव्या लागतात.

हातचा घेताना सुट्या दहा झाल्या की रबर लावायचं, वजाबाकीत कमी पडल्या की सोडायचं. वहीवरची मांडणी त्यानंतर किमान पंधरा दिवसांनी. तेच पैशात करताना फक्त दहाच्या नोटा आणि एकची नाणी. पाचचं नाणं सुरुवातीला घोळ करतं.

वेळ

पाचव्या वर्षी पंधरा मिनिटांच्या दोन बैठका. सातव्या वर्षी वीस-पंचवीस मिनिटांच्या तीन. शाळेचे पाच तास घरी भरवायचे नसतात. तिथला बराच वेळ हजेरी, रांगा आणि चाळीस वह्यांत जातो. मोठ्याने वाचून दाखवणं यात धरू नका. शनिवारी नवं काही नाही, फक्त उजळणी.

परिसर

महागडे संच घेण्याआधी पालघर जिल्ह्यात बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, बिया, पानं यांवर बालवाडी कशी उभी केली ते आठवा. मोजमापासाठी लिटरचं भांडं आणि वाटी: आधी अंदाज लिहायचा, मग ओतून मोजायचं. दुसऱ्या दिवशी वाटी मुद्दाम बदला. उत्तर बदललं की मिलिलिटर कशाला हवं ते सांगावं लागत नाही.

सावलीसाठी हातभर काठी अंगणात उभी रोवा, ९, १२ आणि ४ वाजता टोकाशी खडा ठेवा. पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्यावर भर दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते, तो दिवस चुकवू नका. जुलैअखेरही होते, पण ढग दिसू देतील तर!

कागदपत्रं

शिक्षणहक्क कायदा २००९चा, लागू १ एप्रिल २०१०पासून, वय ६ ते १४. कलम १० मुलाला शाळेत घालणं पालकाचं कर्तव्य म्हणतं, पण पालकाला शिक्षा सांगत नाही. घरशाळेचं नाव त्यात नाही. पुढे शाळेत घालायचं ठरलं तर कलम ४प्रमाणे वयानुसार वर्गात प्रवेश मिळतो.

परीक्षेसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) पायऱ्या: ‘अ’ म्हणजे तिसरी, ‘ब’ पाचवी, ‘क’ आठवी, दहावीला वय १४ पूर्ण लागतं. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी-आठवी आहे. आधी शाळेत नाव असेल तर शाळा सोडल्याचा दाखला घेऊनच बाहेर पडा. पाच वर्षं झाली की आधारचे बोटांचे ठसे द्यायचे असतात. शाळेत त्याची आठवण कोणीतरी करतं, घरी राहून जातं. दर महिन्याला तारीख घालून लेखनाचे दोन कागद फाइलला लावा, चुकांसकट.

डावखुऱ्यांसाठी एक भर

वर शिरोरेघ डावीकडून उजवीकडे म्हटलंय. डावखुऱ्या मुलाला ती तशी ओढताना पेन्सिल ढकलावी लागते, टोक कागदात रुततं. त्याला उजवीकडून ओढू द्या, अक्षर बिघडत नाही. कागद थोडा तिरका, वरचा डावा कोपरा उंच. पाटीवर मात्र हाताने खडू पुसला जातो, म्हणून पाटी मांडीवर न ठेवता भिंतीला टेकवून उभी.