स्पोर्ट्‌स कार्डं: छंद म्हणून घ्या, मुलांच्या शिक्षणाचे पैसे नका घालू

हिशेबनीस

अमेरिकेतल्या एका जवळच्या मित्राचा मुलगा लवकरच कॉलेजला जाईल. त्याच्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतली बरीच रक्कम बेसबॉल-बास्केटबॉलच्या खेळाडूंचे फोटो छापलेल्या, लोक जमवतात त्या कार्डांत घालायची, असं त्यांच्या घरात चाललंय. मला विचारलं, मी स्पष्ट ‘नको’ म्हटलं. त्यावरून आमची चांगलीच जुंपली, म्हणून हा धागा. इथे संग्राहकही आहेत आणि बाजारात मुरलेले लोकही. माझं म्हणणं खोडता येत असेल तर जरूर खोडा.

कार्डांच्या बाजूने बोलणारे सगळे बेसबॉलपटू मिकी मँटलचा दाखला देतात. कार्डं छापणाऱ्या टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं त्याचं कार्ड, मालकाने १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला घेतलं आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. वर्षाला साधारण साडेएकोणीस टक्के चक्रवाढ. आकडा खरा आहे. पण त्यात लिलावगृहाचं कमिशनही धरलेलं असतं, विकणाऱ्याच्या हाती तेवढं पडत नाही. आणि त्याच १९९१ साली दुकानातून नव्या कार्डांची खोकीच्या खोकी उचलणारेही पुष्कळ होते. त्यांनाही वाटत होतं की पोरांच्या कॉलेजची सोय झाली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी इतकी बेसुमार छपाई केली की त्या काळाला आज ‘जंक वॅक्स’चा काळ म्हणतात. ती खोकी घेणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या हाती महागाई वजा जाता काहीही उरलं नाही. त्यांची बातमी कुणी छापत नाही.

मँटलचं कार्ड महाग झालं कारण ते जपावं असं तेव्हा कुणाच्या मनातच नव्हतं. त्या मालिकेचा शेवटचा भाग बेसबॉलचा मोसम संपता संपता बाजारात आला, माल पडून राहिला. १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्गर यांनी तो सगळा बार्जवर लादून अटलांटिकमध्ये बुडवला. विकली गेली होती ती पोरांनी खेळून मळवली, नाहीतर आयांनी आवराआवरीत टाकून दिली. त्यातून कोरी करकरीत राहिली ती मोजकीच.

आज हा दुर्मिळपणा छापखान्यातच ठरतो. फोटो तोच, खेळाडू तोच, फक्त कडेचे रंग दहा. एकावर ‘९९ पैकी १७’ (म्हणजे ९९ प्रतींतली सतरावी), दुसऱ्यावर ‘१० पैकी ३’, तिसऱ्यावर ‘१ पैकी १’. फॅनॅटिक्स या खेळाचा माल विकणाऱ्या कंपनीने २०२२ च्या सुरुवातीला टॉप्स विकत घेतली आणि बेसबॉल, बास्केटबॉल, अमेरिकन फुटबॉल या तिन्ही मोठ्या लीगची कार्डं छापायचे परवाने आता त्यांच्याकडे एकवटलेत. पुढच्या वर्षी किती रंग काढायचे हे ज्याच्या हातात, त्याच्याच मालाच्या दुर्मिळपणावर मी मुलाची फी लावणार नाही.

लेगस्पिन

पूर्ण असहमत.

ठरवून छापलेला दुर्मिळपणा टिकत नाही म्हणता? मग ऑगस्ट २०२५ चा लिलाव बघा. बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन आणि कोबी ब्रायंट यांचं एकत्र कार्ड, २००७-०८ च्या अपर डेक एक्स्क्विझिट संचातलं. दोघांच्या सह्या, दोघांच्या जर्सीवरचे एनबीए या बास्केटबॉल लीगच्या बोधचिन्हाचे तुकडे, आणि एकच प्रत. म्हणजे तुमच्याच भाषेत छापखान्यात ठरवलेला दुर्मिळपणा. ते १ कोटी २९ लाख ३२ हजार डॉलरला गेलं आणि मँटलचा विक्रम मोडला. बुडालेल्या जहाजभर मालाची गरज पडली नाही.

दुसरं, ‘यातून उत्पन्न काही येत नाही’ हा आक्षेप तुम्ही पुढे घेणारच, म्हणून आधीच सांगतो. आपल्या घराघरांत पाडव्याला, दसऱ्याला सोन्याची वळी घेतात. त्याला कुठे व्याज मिळतं? तरी आपण त्याला गुंतवणूकच म्हणतो ना?

आणि हा बाजार अंधारातला आहे हा समज जुना झाला. पीएसएसारखी कंपनी कार्डाचे कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मधोमध आहे का ते तपासून १ ते १० दर्जा देते, प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून क्रमांक टाकते. कुठल्या कार्डाला आजवर किती ‘१०’ मिळाले तो तक्ता कुणालाही पाहता येतो. ईबेवर खरोखर विकल्या गेलेल्या सौद्यांचे भाव दिसतात. आपल्याकडे जुन्या फ्लॅटचा सौदा नक्की कितीला झाला, हे तरी इतकं सहज कळतं का?

हिशेबनीस

सोन्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं. वळं घेऊन मी गल्लीतल्या कुठल्याही सराफाकडे गेलो तर तो घट धरेल, कुरकुर करेल, पण संध्याकाळपर्यंत पैसे देईल. भाव सकाळच्या पेपरात छापलेला असतो. खेळाडूचा गुडघा दुखावला, तो संघाबाहेर गेला किंवा पोलीस केसमध्ये अडकला म्हणून सोनं एका रात्रीत निम्म्यावर येत नाही. नवख्या खेळाडूच्या पहिल्या वर्षीच्या कार्डाचं, म्हणजे ‘रूकी’ कार्डाचं, असं होतं, आणि बहुतेक लोक पैसे त्यातच घालतात.

जॉर्डन-कोबीचं कार्ड एकच आहे. त्यानंतर ‘१ पैकी १’ असं लिहिलेली किती कार्डं छापली गेली असतील?

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो, आमच्या घरी हा उद्योग रोजचा आहे, म्हणून जे पाहतो ते सांगतो.

शनिवारी एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो भरतो. लांबच लांब टेबलं, काचेच्या पेट्या, आणि पाठीवर सॅक लावलेली पोरं. माझा मुलगा कार्ड हातात घेतो तेव्हा आधी खेळाडूकडे बघत नाही. दिव्याखाली तिरकं धरून पृष्ठभागावर रेघ उमटलीय का ते बघतो, मग चारही कोपरे, मग डावी-उजवी कड सारखी आहे का. पातळ पिशवी, त्यावर कडक प्लॅस्टिक, आणि मगच सॅकमध्ये. समोरच्याने भाव सांगितला की फोनवर मागचे सौदे काढून दाखवतो आणि पोटतिडकीने घासाघीस करतो. तेरा वर्षांच्या पोराला मागणी-पुरवठा यापेक्षा चांगला कोण शिकवणार? माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे.

पण कॉलेजचे पैसे? अजिबात नाही. २०२०-२१ मध्ये टाळेबंदीत इथे काय वेड लागलं होतं ते मी पाहिलंय. पीएसएकडे इतकी कार्डं जाऊन पडली की मार्च २०२१ मध्ये त्यांनी स्वस्तातल्या सेवा बंदच केल्या. मे मध्ये विस्कॉन्सिनमधल्या टार्गेट या दुकानसाखळीच्या एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कार्डांवरून मारामारी झाली आणि कंपनीने काही काळ दुकानांत कार्डं विकणं थांबवलं. त्या वेळी चढ्या भावाने घेतलेली नवी कार्डं पुढे धडाधड कोसळली. जुनी, नावाजलेली बरीचशी सावरली. नवी कितीतरी अजून वर आलेली नाहीत.

आणि ते ऑनलाइन ‘ब्रेक’! खोकं दुसरा कुणीतरी कॅमेऱ्यासमोर फोडणार, तुम्ही आधीच पैसे भरून एक संघ घेतलेला, त्या संघाचं कार्ड निघालं तर तुमचं. हा सरळ मटका आहे. मुलांना यापासून लांब ठेवा, हे मी हात जोडून सांगतो.

वाशिष्ठी

कोकणातून एक व्यवहारातली गोष्ट. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पुठ्ठा सरळ राहत नाही. वाकतो, बुरशी धरते, कसर लागते. लहानपणी बिग फन च्युइंगगमबरोबर मिळालेली क्रिकेटपटूंची कार्डं बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती, ती एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झाला. भारतात बसून अमेरिकेची कार्डं घेणाऱ्यांनी कस्टम ड्युटी, कुरिअर, हवाबंद कपाट आणि विमा हा खर्च धरूनच परतावा काढावा. शिवाय विकायला परत तिकडेच पाठवायची.

नाणेघाट

मी नाणी जमवतो, कार्डं नाही. पण संग्राहकाचा पहिला प्रश्न सगळीकडे एकच असतो: वस्तू अस्सल आहे का? लेगस्पिन, तुम्ही डबीवर फार भिस्त ठेवताय.

पीएसएने १९९१ मध्ये अगदी पहिला दर्जा कुठल्या कार्डाला दिला ते आठवा. बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं, अमेरिकन टोबॅको कंपनीच्या १९०९-११ च्या टी-२०६ मालिकेतलं, जगातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड. हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ते त्याच वर्षी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. दर्जा मिळाला ८. पुढे बिल मास्ट्रो या बड्या लिलावदाराने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं की त्याच्या कडा आपणच कापल्या होत्या. कड कापली की कोपरे टोकदार दिसतात आणि दर्जा वर जातो. दर्जा देणाऱ्या कंपनीच्या नंबर एकच्या डबीतच कापलेलं कार्ड बसलेलं होतं!

सह्यांचं तर विचारूच नका. नव्वदच्या दशकात एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’मध्ये बनावट सह्यांच्या टोळ्या पकडल्या. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते. आपल्याकडे ‘संपूर्ण संघाच्या सह्यांची बॅट’ म्हणून जे विकलं जातं त्यासोबत बहुतेक वेळा एक रंगीत कागद असतो, आणि तो कागद विकणाऱ्यानेच छापलेला असतो.

खेळाडूने वापरलेल्या वस्तूंची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे मी तुमच्या बाजूने येईन. सामन्याच्या फोटोतली शिवण, कापडाची वीण, क्रमांकाची ठेवण प्रत्यक्ष वस्तूशी ताडून बघता येते. बेसबॉलपटू बेब रूथची १९३२ च्या वर्ल्ड सिरीजमधली, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतींमधली, जर्सी अशी फोटो जुळवून सिद्ध केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती २ कोटी ४१ लाख २० हजार डॉलरला गेली. मॅराडोनाचा १९८६ चा इंग्लंडविरुद्धचा शर्ट २०२२ मध्ये सदबीज या लिलावगृहाने विकायला काढला तेव्हा त्याच्या मुलीने हरकत घेतली, हा पहिल्या हाफमधला आहे, गोल केले तेव्हा त्याने दुसरा घातला होता. सदबीजने फोटो जुळवले, आणि शर्ट ७१ लाख पौंडांना गेला.

कृष्णाकाठ

इथे सगळे डॉलरमध्येच बोलताय, म्हणून थोडं आमच्या मातीतलं.

मी कराडकडचा. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासासाठी गावाने वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. २०१७ मध्ये खाशाबांच्या घरच्यांनी जाहीर केलं की सरकारने कबूल केलेलं कुस्ती संकुल होत नाही, तेव्हा पदक लिलावात काढून ते पैसे उभे करू. ती बातमी वाचून आमच्याकडे जेवण गेलं नाही कुणाला. ज्या पदकात गावाची वर्गणी आणि एका शिक्षकाचं घर आहे ते कुणा श्रीमंताच्या दिवाणखान्यात ‘अ‍ॅसेट’ म्हणून लटकणार? कार्डांचं काय ते तुम्ही ठरवा. पण अशा वस्तूंना परताव्याच्या टक्केवारीत मोजायला माझा ठाम विरोध आहे.

लेगस्पिन

कृष्णाकाठभाऊ, तुमच्या भावनेला हात जोडतो. तरी उलट बोलतो, कारण मला यात लिलावाचा दोष दिसत नाही. घरच्यांना विकायची भाषा करावी लागली ती सरकारी दिरंगाईमुळे.

शेन वॉर्नने जानेवारी २०२० मध्ये आपली बॅगी ग्रीन टोपी लिलावात काढली ती वणव्यातल्या लोकांसाठी. १० लाख ७,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर आले. घेणारी कॉमनवेल्थ बँक होती, तिने टोपी देशभर फिरवली आणि बाउरलच्या ब्रॅडमन म्युझियमकडे द्यायचं ठरवलं. पुण्यात सहकारनगरला ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेटचं संग्रहालय उभं आहे, तेही एका संग्राहकाच्या वेडातून. सरकारी कपाटात धूळ खाण्यापेक्षा वस्तूला भाव आला की ती जपली जाते, असं माझं मत आहे.

हिशेबनीस, तुमच्या मित्राबद्दल माझा सल्ला: सगळं नको, पण शेकडा पाच जरूर. जुनी, सिद्ध झालेली नावं, वरचा दर्जा, दहा वर्षं हात लावायचा नाही.

कृष्णाकाठ

वॉर्नने स्वतःची टोपी स्वतः दिली, लोकांसाठी दिली. खाशाबांच्या घरच्यांवर ती वेळ आणली गेली. या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका, एवढंच माझं मागणं आहे.

हिशेबनीस

कृष्णाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत.

लेगस्पिन, ‘शेकडा पाच’वर आलात म्हणजे आपल्यातलं अंतर कमी झालं, पण मी अजून शून्यावर आहे. मुलाचं कॉलेज तोंडावर आलंय, दहा वर्षं त्याच्याकडे नाहीत. फी भरायच्या महिन्यात बाजार पडलेला असला तर तो काय करणार? पाच टक्के मोकळे असतील तर ते बापाच्या हौसेच्या पैशातून जाऊ देत, मुलाच्या खात्यातून नाही. मित्राला आज रात्री हेच कळवतोय, नाणेघाट आणि एडिसनकर यांचे प्रतिसादही पाठवतोय.

तुम्ही एक करा. तुम्हाला ‘सिद्ध’ वाटतात अशी दहा कार्डं इथे लिहा, आजच्या तारखेला, आजच्या दर्जासकट. २०१५ मधले आणि आत्ताचे खरोखर विकले गेलेले भाव द्या, दर्जाची फी आणि विक्रीचं कमिशन वजा करून. त्याच तारखांना एस अँड पी ५०० या अमेरिकी शेअर निर्देशांकाच्या साध्या इंडेक्स फंडात तेच पैसे घातले असते तर काय झालं असतं, ते मी शेजारच्या रकान्यात भरतो. फक्त एक अट: यादीत २०२१ मध्ये गाजलेले दोन तरी नवखे खेळाडू हवेत.

लेगस्पिन

मान्य. यादी रविवारपर्यंत टाकतो. नवखे दोन नाही, तीन घेतो.