सोनोग्राफी प्रोबच्या मेकॅनिकल डिझाइनचा जॉब, घेऊ का?

लोटेवाला_मेक:
मंडळी, मी चिपळूणचा, लोटे एमआयडीसीत पंप आणि सील बघतो. बंगळुरूहून सोनोग्राफी प्रोबच्या (डॉक्टर अंगावर फिरवतात तो) डिझाइनसाठी इंटरव्ह्यूचा कॉल आलाय. प्रोब म्हणजे सगळं इलेक्ट्रॉनिक्सच ना, मग मेकॅनिकलवाल्याला तिथे काम काय, नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर काढत बसायचं?

समुद्रपक्षी:
कव्हर म्हणू नकोस रे 😄 मी याच लाइनमध्ये आहे. पुढे जो रबरासारखा भाग असतो ना, पेशंटला टेकतो तो, ती सिलिकॉनची लेन्स असते. शरीरात आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटरने जातो आणि सिलिकॉनमध्ये त्याहून हळू, म्हणून तिला फुगवटा दिला की बीम फोकस होतो. ५ मेगाहर्ट्झला शरीरातली तरंगलांबी ०.३ मिमी, म्हणजे लेन्सची जाडी थोडी इकडेतिकडे झाली की इमेज बिघडलीच. शिवाय क्रिस्टलला (विजेवर थरथरून आवाज काढतो तो) दिलेली पॉवर सगळी काही आवाज होऊन जात नाही, बरीचशी उष्णता होते, आणि आयईसी ६०६०१-२-३७ या सोनोग्राफी मशीनच्या सुरक्षा स्टँडर्डप्रमाणे अंगाला टेकलेला प्रोब ४३ डिग्रीच्या वर जाता कामा नये, त्यामुळे ती उष्णता पुढून काढून मागे हँडलमध्ये कशी पसरवायची हीच रोजची मारामारी. फॅन लावायला जागा नाही, भोकं पाडली तर पाणी आत!

हापूस_इंजिनिअर:
तुझा सीलचा अनुभव तिथेच कामाला येईल. प्रोब जंतुनाशकात बुडवतात, आणि त्या केमिकलने प्लॅस्टिकला बारीक तडे जातात, खास करून मोल्डिंगचा ताण राहिलेला असेल तिथे. केबलमध्ये केसाएवढ्या शंभरेक कोॲक्स (जाळीचं आवरण असलेल्या) वायरी असतात, हँडलपाशी वाकून वाकून त्याच आधी तुटतात. इंटरव्ह्यूला आयएसओ १४९७१ (मेडिकल उपकरणांच्या रिस्कचं स्टँडर्ड) वाचून जा, रिस्क फाइलची कागदपत्रं कॅडपेक्षा जास्त वेळ खातात (बोअर आहे, पण पगार त्याचाच).

मालवणी_नट_बोल्ट:
जा रे, पण घराकडे बसान ह्या काम होवचा नाय, बंगळुराक ऱ्हवचा लागतला. आणि सरावासाठी जुनी मशीन बिशीन घेव नको हां, पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान बंदीच्या) कायद्यात नोंदणी नसलेल्याक मशीन विकूकच बंदी आसा.

लोटेवाला_मेक:
बापरे, मशीनचं खरंच बघत होतो, बरं झालं सांगितलंत. @समुद्रपक्षी, लेन्स आणि हाउसिंगच्या जोडावर ओ-रिंग बसते की नुसता ग्लू?

समुद्रपक्षी:
बहुतेक ग्लूच. ओ-रिंगच्या खाचेत जेल अडकतं, मग ते साफ कोण करणार.