माळरानावरचं वाळलेलं गवत आपल्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, गवतापेक्षा कसदार. पटतंय का?

वाळपईकर: बहीण साताऱ्याकडे दहिवडीला दिलीय. मार्चमध्ये गेलो होतो. पाऊस वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर, माळ पिवळाधमक, आणि मेंढ्या मात्र अंगानं भरलेल्या! इथं गोव्यात ३००० पडतो, सड्यावर कमरेएवढं गवत, तरी दिवाळीनंतर माझ्या गाईंच्या बरगड्या मोजून घ्या. माझं मत असं की धुपलेल्या जांभ्या मातीतलं गवत भराभर वाढतं आणि त्याचा नुसता काड होतो. कोरड्या मुलखातलं बुटकं, पानाळ राहतं, वाळलं तरी कस धरून ठेवतं. दक्षिण आफ्रिकेत कमी पावसाच्या कुरणाला ‘गोड’ आणि जास्त पावसाच्याला ‘आंबट’ म्हणतात, ते उगाच नव्हे. तिथल्या मेंढ्यांचा फोटो जोडलाय.

पेडण्याचा गवळी: बाब, मेंढीची तुलना जर्सीशी? मेंढीचं तोंड निमुळतं, ती पान वेचून खाते. शिवाय गवत तिकडचं असो की इथलं, कोवळं असताना ८-१० टक्के प्रथिनं, फाल्गुनात ३-४. प्रथिनं ७ टक्क्यांच्या खाली गेली की पोटातले चारा पचवणारे जंतूच उपाशी राहतात, चारा पचायला वेळ लागतो आणि जनावर खाणंच कमी करतं. पोट भरलेलं दिसतं, इतकंच. माळावर तेव्हा बाभळीच्या शेंगा पडतात, बोरीचा पाला असतो. ते नाही बघितलंत?

वाळपईकर: शेंगा सगळ्या माळाला पुरतात होय?

डिचोलीची वैनी: तुम्ही दोघे भांडा, पण कापणीचं कोणी बोलत नाही. कुसळी गवत फुलावर येताना कापलं तर गुरं आवडीनं खातात. बी धरलं की तीच कुसळं तोंडात रुततात, मेंढीच्या तर कातडीत शिरतात. आमची अडचण अशी की फुलाच्या वेळी, सप्टेंबरात, पाऊस असतो. कापलेलं वाळवायचं कुठं? म्हणून मी भाताचा पेंढाच सुधारते. १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा, ताडपत्रीखाली २१ दिवस घट्ट झाकायचा. घालण्याआधी वास जाईपर्यंत उघडा ठेवायचा, हे विसरू नका.

पेडण्याचा गवळी: वैनी, युरियाचा वास आमच्या म्हशीला सोसत नाही. पण कापणीचं पटलं.

वाळपईकर: फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या मेंढीच्या तोंडात शेंग आहे. ठीक. पण मागच्या चार गवतच खातायत, त्याचं काय?