'दोन वर्षांत लाख डॉलर' म्हणे! (रेडिएशन थेरपीचा असोसिएट)

सोलापुरी_चादर

परवा आमच्या मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत आला: 'एच-फोरवरच्या मैत्रिणींनो, घरात बसून कंटाळलात? कम्युनिटी कॉलेजातून रेडिएशन थेरपीचा असोसिएट करा. फक्त दोन वर्षं! रक्त नाही, रात्रपाळी नाही, पगार लाख डॉलर!!' खाली सतरा अंगठे. (एच-फोर म्हणजे अमेरिकेत एच-वनच्या नोकरी-व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा; असोसिएट म्हणजे इथली दोन वर्षांची डिग्री, बॅचलरच्या निम्मी.) मी अकरा वर्षं हेच काम करते आहे, कॅन्सरच्या पेशंटला मशीनवर किरणांचे उपचार द्यायचं, म्हणून उत्तर लिहायला घेतलं. ते इतकं लांबलं की सेक्रेटरीबाईंनी 'ताई, हा गणपतीच्या वर्गणीचा ग्रुप आहे' म्हणून हटकलं. तेव्हा इथे.

'दोन वर्षं' ही नुसत्या प्रोग्रॅमची. आत शिरण्याआधी अ‍ॅनाटमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, अल्जिब्रा, फिजिक्स, मेडिकल टर्मिनॉलॉजी. माझं पुण्याचं बी.एस्सी. बघूनही कॉलेजने इंग्लिश कॉम्पोझिशन करायला लावलंच. आमच्या बॅचला जागा १४, अर्ज नव्वदच्या वर. पहिल्या वर्षी मी वेटिंग लिस्टवर नववी, म्हणजे एक वर्ष तसंच गेलं. मग क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण: आठवड्यातले तीन दिवस, सकाळी साडेसहाला घरापासून ५० मैलांवर, बिनपगारी. पोराला डे-केअरमध्ये सोडायला नवरा होता म्हणून जमलं. सगळं धरून साडेतीन वर्षं झाली.

आता लाख डॉलर. अमेरिकेच्या कामगार खात्याचा २०२४चा मध्यम वार्षिक पगार लाखाच्या किंचित वर आहे, हे खरं. पण मध्यम म्हणजे निम्मे लोक त्याच्या खाली, आणि नवी पोरगी त्याच निम्म्यात. शिवाय अख्ख्या देशात या नोकऱ्या सोळा-सतरा हजार. एक्स-रेवाले दोन लाखांच्या वर आहेत. आपल्या गावात एक सेंटर, त्यात दोन मशीन, सहा माणसं, आणि त्यातलं कुणी रिटायर होईपर्यंत हलणार नाही. मला पहिली नोकरी दुसऱ्या राज्यात मिळाली.

आणि ज्याचा मेसेजमध्ये उल्लेखच नाही ते म्हणजे कामाची परवानगी. एच-वनला किमान बॅचलर लागणारं काम हवं, इथे असोसिएट पुरतो, तेव्हा तो रस्ता बंद धरा. एच-फोरवर काम करायचं तर सहसा नवऱ्याचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनी भरते तो अर्ज) मंजूर हवा, मग ई.ए.डी., म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड. एफ-वन हा विद्यार्थी व्हिसा घेऊन शिकलात तर ओ.पी.टी. (शिक्षणानंतरची कामाची परवानगी) बारा महिने. स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना मिळणारी मुदतवाढ बॅचलरपासून पुढे, असोसिएटला नाही. माझ्या बॅचमधली एक तेलुगू मुलगी ए.आर.आर.टी.ची (या कामाच्या सर्टिफिकेटची) परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि ई.ए.डी. नाही म्हणून आठ महिने घरी सर्टिफिकेट पुसत बसली.

करू नका असं म्हणत नाही. वर्गणीच्या ग्रुपवर वाचून करू नका.

स्पष्टवक्ता७२

थोडक्यात काय, आपण डब्यात चढलो की 'आत जागा नाही' म्हणून ओरडायचं. मुंबईच्या लोकलमध्ये पाहिलंय हे.

आणि एवढं कसलं कौतुक? डोस डॉक्टर ठरवतो, प्लॅन डोसिमेट्रिस्ट करतो, मशीन फिजिसिस्ट तपासतो. तुम्ही पेशंटला टेबलावर झोपवता, बाहेर येता, बटण दाबता. आमच्या वेळी अशा कोर्सला आय.टी.आय. म्हणत. राग मानू नका, माझ्या मुलीला तिच्या काउन्सेलरने हेच सुचवलं होतं. मी स्पष्ट सांगितलं, आपल्या घरात अर्धी डिग्री कुणी घेतलेली नाही.

कोबाल्टकाका

स्पष्टवक्ते, मी विदर्भात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात २९ वर्षं 'बटण' दाबलं. कोबाल्टचं मशीन, आत किरणोत्सारी कोबाल्टचा तुकडा, त्यालाच सोर्स म्हणतात. कोबाल्टचा जोर दर महिन्याला साधारण एक टक्का उतरतो, सव्वापाच वर्षांत निम्मा होतो. तेव्हा पेशंटचा टाइम सारखा वाढवत न्यायचा. नवीन सोर्स यायला उशीर झाला की जो पेशंट दीड मिनिटात उठायचा तो तीन मिनिटं पडून राहायचा, आणि बाहेर साठ माणसं बाकावर. एकदा सोर्स आत परतलाच नाही. लाल दिवा तसाच. मी आत जाऊन आधी आजीबाईंना टेबलावरून ओढून बाहेर काढलं, मग टी-रॉडने, म्हणजे त्यासाठीच ठेवलेल्या दांड्याने, सोर्स ढकलला. कागदोपत्री सेकंद मोजलेले असतात. घामाची नोंद नसते. अंगावर किती किरण पडले ते मोजणाऱ्या बिल्ल्याचा रिपोर्ट येईपर्यंत बायकोला सांगितलं नव्हतं.

आणि बटणाचंच म्हणाल तर थेरॅक-२५ या रेडिएशनच्या मशीनबद्दल वाचा. १९८६, टेक्सासातलं टायलर. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढीच अक्षरं यायची. मशीन सदैव असं काहीबाही दाखवायचं, म्हणून मशीन चालवणाऱ्या बाईंनी 'पी' दाबून पुढे चालवलं, आणि पेशंटला भलताच जास्त डोस बसला. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता, इंटरकॉम बिघडलेला. दोष सॉफ्टवेअरचा होता, मान्य. १९८५ ते ८७ मध्ये असे सहा अपघात झाले, माणसं दगावली. बटण कुणीही दाबतो हो, कधी दाबायचं नाही ते शिकायला वर्षं जातात.

सोलापुरी_चादर

काका, नमस्कार घ्या.

स्पष्टवक्ते, एकच प्रसंग सांगते. घशाच्या कॅन्सरचा पेशंट, पस्तीसपैकी एकोणिसावं फ्रॅक्शन, म्हणजे एकोणिसावी खेप. गिळता येत नव्हतं, नऊ किलो उतरलेला. डोकं हलू नये म्हणून घालतात तो मास्क लावला तर हनुवटीखाली माझी दोन बोटं आरामात आत जात होती. सी.बी.सी.टी. (मशीनवरच काढायचा स्कॅन) घेतलं, हाड जुळतंय, मान मात्र जुळत नाही. फोनवर उत्तर आलं, 'आजचा दिवस चालवून घे.' मी नाही चालवलं. पुन्हा सिम (प्लॅनसाठीचा स्कॅन) झालं, नवा मास्क, नवा प्लॅन. पेशंट माझ्यावर चिडला कारण त्याचा आठवडा वाढला. हे काम अर्ध्या डिग्रीत बसत असेल तर बसू दे.

शमा_एडिसन

चादरताई, तुमचं सगळं खरं असेल, पण किती तो नकारात्मक सूर! मी एक्केचाळिसाव्या वर्षी अ‍ॅडमिशन घेतली. वर्गात माझ्या मुलाच्या वयाची पोरं. ग्रीन कार्ड आलेलं होतं म्हणून परवानगीचा प्रश्न नव्हता, हे मान्य. काउंटीतली फी धरून अख्खा कोर्स नवऱ्याच्या एका सेकंडहँड गाडीच्या किमतीत झाला. आज ज्यांनी एम.बी.ए.चं कर्ज काढलं त्यांच्यापेक्षा मी सुखी आहे. साडेचारला घरी.

आणि पगाराच्या पलीकडचं समाधान कुणी लिहिलंच नाही. आमच्याकडे शेवटच्या दिवशी पेशंट घंटा वाजवतो. सगळे टाळ्या वाजवतात, नातेवाईक रडतात. शुक्रवारी दोन-तीनदा तरी वाजते. तो आवाज ऐकला की आठवड्याचा शीण जातो.

इडलिंबू

समाधान, घंटा.

माफ करा, जीभ घसरली. पण या विषयावर मला गप्प बसवत नाही. गेल्या वर्षी बाबा माझ्याकडे आले होते, इथेच कळलं. कॅन्सर मणक्यात उतरला होता. एकच फ्रॅक्शन, आठ ग्रे (किरणांच्या डोसचं माप), दुखणं थांबावं म्हणून; बरं करण्यासाठी नाही. कॉरिडॉरमध्ये व्हीलचेअरवर आम्ही बसलोय, तेवढ्यात समोर एका बाईंनी घंटा वाजवली. स्टाफच्या टाळ्या, फोटो. बाबांना इंग्रजी जेमतेम. मला म्हणाले, 'आरती आहे का रे?' मी हो म्हणालो. त्यांनी बसल्या जागी हात जोडले. थोड्या वेळाने म्हणाले, 'आपली कधी?'

तुमच्या कोर्समध्ये याचं उत्तर शिकवतात का?

शमा_एडिसन

वाचून वाईट वाटलं. पण तुमच्या दुःखासाठी त्या बाईंनी आनंद गिळायचा का? सहा आठवडे रोज येऊन कातडी भाजून घेतलेली असते त्यांनी.

इडलिंबू

गिळू नका. पार्किंगमध्ये वाजवा.

ओहायोकर

ही पद्धत १९९६ पासूनची. आरव्ह ल मॉइन नावाचे नौदलातले रिअर अ‍ॅडमिरल ह्यूस्टनच्या एम.डी. अँडरसनमध्ये रेडिएशन घेत होते. काम फत्ते झालं की घंटा वाजवायची ही जहाजावरची रीत. त्यांनी पितळी घंटा आणून दिली, पुढे सगळीकडे पसरलं. म्हणजे मुळात सैनिकी रिवाज आहे. त्यात मोहीम संपलेली असते. ज्याची संपणारच नाही त्याचं काय, हा प्रश्न अ‍ॅडमिरलला पडायचं कारण नव्हतं.

शमा_एडिसन

म्हणजे आता मी क्रूर ठरले. छान. पेशंटच्या गुडघ्याखाली उशी कुठे सरकवायची हे मला माहीत आहे, तुम्हाला गूगल माहीत आहे.

स्पष्टवक्ता७२

इडलिंबू यांच्याशी शंभर टक्के सहमत. इथल्या लोकांना प्रत्येक गोष्टीचा इव्हेंट करायची सवय आहे. बालवाडीचा पण पदवीदान समारंभ! टोप्या घालून! मागे आमच्या शेजाऱ्यांनी तर कुत्र्याचा…

कोबाल्टकाका

कुत्रा राहू द्या.

आमच्याकडे घंटा नव्हती. शेवटच्या दिवशी पेशंट पेढे घेऊन यायचा, ऐपत नसेल तर खडीसाखर. सिस्टर त्याला दारातच गाठायच्या आणि सांगायच्या, 'बाहेर बाकावर वाटू नका, आत द्या.' हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, नियमही नव्हता. एकदा एका पोराने तरी बाहेर वाटले. बाकावरच्या एका म्हाताऱ्याने पेढा घेतला, खाल्ला नाही, खिशात ठेवला. नातवाला म्हणून असेल. मला तो खिसाच लक्षात राहिला.

शमा_एडिसन

काका, तुमचं पटलं. सोमवारी मॅनेजरला विचारते, घंटा सिमच्या बाजूच्या खोलीत हलवता येईल का. (इडलिंबू, तुमचं नाही पटलं, काकांचं पटलं.)

बीम_ऑफ

धागा देवळात जाऊन आला, आता मूळ मुद्दा. मी फिजिसिस्ट, त्यामुळे स्पष्टवक्त्यांच्या यादीत 'मशीन तपासणारा'. चादरताईंनी सगळ्यात मोठी गोष्ट सोडली. मी शिकत होतो तेव्हा ब्रेस्टचे पेशंट २५ खेपा यायचे. मग १५ झाल्या. २०२० मध्ये ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीने एका आठवड्यात पाच पुरतात असं दाखवलं. प्रोस्टेटला चाळीसच्या आसपास असायच्या, आता निवडक पेशंटांत पाच. पेशंटसाठी सोन्याहून पिवळं. पण मशीनवरच्या खेपांवर ज्यांचं पोट आहे त्यांनी हिशोब करावा. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने आज शिकायला घेतलं तर तिला पुढची चाळीस वर्षं काढायची आहेत.

दुसरं, वर चढायचं तर? डोसिमेट्रीच्या, म्हणजे प्लॅन करण्याच्या कामाच्या बोर्डाच्या परीक्षेला २०१७ पासून बॅचलर लागतो. असोसिएटवाल्यांना तिथे 'प्रवेश बंद'ची पाटी लागलेली आहे.

सोलापुरी_चादर

खेपा कमी झाल्या, पण एक खेप दहा मिनिटांची पस्तीस मिनिटांची झाली ते कोण सांगणार? पाचच फ्रॅक्शन असतील तर एक चुकलं की वीस टक्के चुकलं. दरवेळी इमेजिंग, डॉक्टर मशीनपाशी हजर, मूत्राशय भरलं नाही म्हणून पेशंटला पाणी पाजून पुन्हा बाकावर. माणसं कमी लागतायत असं आमच्या रोस्टरवरून तरी दिसत नाही. ट्रॅव्हलर, म्हणजे काही महिन्यांच्या करारावरची बाहेरची माणसं, घेऊन दिवस ढकलतोय.

डोसिमेट्रीचं मात्र बरोबर. मला २०१९ मध्ये जायचं होतं. बॅचलर ऑनलाइन पुरा करायला घेतला, दोन सेमिस्टरनंतर सासूबाई आजारी पडल्या, राहिलं. हा मुद्दा मी मुद्दाम नाही, टोचतो म्हणून सोडला होता. झालं समाधान?

बीम_ऑफ

नाही झालं, वाईट वाटलं. पुढचं विचारणार होतो, पण राहू द्या.

स्पष्टवक्ता७२

म्हणजे शेवटी बॅचलर लागतोच! मी पहिल्या प्रतिसादात काय म्हणालो होतो?

ओहायोकर

आय.टी.आय. म्हणाला होतात.

बाय द वे, प्रोग्रॅम निवडणाऱ्यांनी एक बघावं. जे.आर.सी.ई.आर.टी.ची (या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची) मान्यता असलेल्या प्रत्येक कॉलेजला परीक्षेचा निकाल, नोकरी मिळाल्याचं प्रमाण आणि कोर्स पुरा केल्याचं प्रमाण जाहीर करावं लागतं. लोक पहिले दोन बघून खूष होतात. तिसरा बघा. नोकरीच्या आकड्यात फक्त 'नोकरी शोधत असलेले' धरतात. तेव्हा चादरताईंची ई.ए.डी.विना घरी बसलेली मैत्रीण त्या टक्क्यांत बहुधा दिसणारच नाही.

मंगला_टी

नमस्कार. तो मेसेज मीच लिहिला होता. माझ्या चुलतबहिणीने कोर्स केलाय, तिने सांगितलं ते टाकलं. कुणाला फसवायचा हेतू नव्हता. इथे 'वर्गणीच्या ग्रुपवरची' वगैरे जे चाललंय ते वाचून सकाळपासून जेवण गेलं नाही. एवढं कळत होतं तर मला वैयक्तिक फोन करता आला असता, नंबर आहे तुमच्याकडे.

सोलापुरी_चादर

मंगलाताई, फोन करायला हवा होता, ते चुकलंच. पण मेसेजखाली सतरा अंगठे होते आणि त्यातल्या दोघींनी मला फी भरल्याचं कळवलं. एकीचा आय-१४० अजून भरलेलाही नाही. तिला आता मी काय सांगू?

मंगला_टी

बरं. 'दोन'च्या जागी 'साडेतीन' करते, आणि व्हिसाचं तुम्ही लिहिलंय ते तसंच चिकटवते, तुमच्या नावाने. म्हणजे पुढचे फोन तुम्हाला. 'लाख डॉलर' मात्र ठेवणार आहे, तुम्हीच म्हणालात सरकारी आकडा आहे.

सोलापुरी_चादर

ठेवा. पुढे 'कर कापायच्या आधी' एवढं लिहा. आणि उद्गारचिन्ह एकच.