दोनशे बुकमार्क न्यायला अख्खी डिस्क उघडून द्यायची?

कुलूपकिल्ली

परवा मॅकवर सफारी सोडून दुसऱ्या ब्राउझरवर जायचं ठरवलं. त्याने विचारलं बुकमार्क आणि हिस्टरी आणू का, म्हटलं आण बाबा. लगेच पाटी, आधी सिस्टीम सेटिंग्जमध्ये जाऊन मला फुल डिस्क ॲक्सेस द्या. तिथे गेलो तर यादीच्या डोक्यावर स्वच्छ लिहिलंय की इथे ज्याचा स्विच चालू कराल त्याला मेल, मेसेजेस, सफारी, होम, टाइम मशीनचे बॅकअप आणि वर या मॅकवरच्या सगळ्या युजर्सच्या काही ॲडमिन सेटिंग्ज, एवढ्या सगळ्याला हात लावता येईल. मला न्यायचे होते जेमतेम दोनशे बुकमार्क! शेजाऱ्याने वाटीभर साखर मागावी आणि आपण किल्ल्यांचा जुडगाच त्याच्या हातात द्यावा, तशातली गत.

असं का होतं ते माहितीये. मॅकओएस मोहावीपासून, म्हणजे २०१८ पासून, ॲपलने सफारीचं फोल्डर इतर ॲप्ससाठी बंद केलंय, बुकमार्क आणि हिस्टरी त्यातच असतात, आणि सेटिंग्जमध्ये नुसत्या सफारीपुरता वेगळा स्विच नाही. पण मी दिला नाही ॲक्सेस. सफारीच्या फाइल मेनूतून बुकमार्क एक्सपोर्ट केले, एक एचटीएमएल फाइल मिळाली, ती नव्या ब्राउझरला दाखवली, संपलं. (ती फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा कधी, पहिल्याच ओळीत अजून नेटस्केप या जुन्या ब्राउझरचं नाव असतं. २००८ मध्ये त्याचा सपोर्ट बंद झाला पण फॉरमॅट सगळे तोच वापरतात.)

माझं म्हणणं एवढंच की एकदाच करायच्या कामासाठी कायमची परवानगी देऊ नये. तो स्विच आपोआप बंद होत नाही आणि काम झालं की आपण विसरतो.

सरळसोट

पटलं नाही. ज्या ब्राउझरमध्ये उद्यापासून तुम्ही बँक उघडणार, मेल वाचणार, सगळे पासवर्ड टाइप करणार, त्याच्यावर पाच मिनिटं डिस्क वाचण्यापुरताही विश्वास नाही? मग तो घेताच कशाला? द्या ॲक्सेस, ब्राउझर बंद करून परत उघडा, इम्पोर्ट करा, स्विच बंद करा. मी तसंच केलं.

आणि तुमच्या एचटीएमएल फाइलीत हिस्टरी येत नाही. पासवर्ड तर नाहीच नाही, त्यासाठी काय करणार? सीएसव्ही! म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता. ती फाइल उघडली की साइटचं नाव, साइटचा पत्ता, युजरनेम, पासवर्ड, सगळं उघडंनागडं, एका ओळीत एक खातं. डिस्कवर अशी फाइल ठेवणारे लोक फुल डिस्क ॲक्सेसला घाबरतात याचं हसू येतं.

नवखी

सीएसव्हीबद्दल सरळसोटना +१. मी तशी फाइल डाउनलोड्समध्ये काढली, इम्पोर्ट केली आणि विसरले. आठ महिन्यांनी दुसरंच काही शोधताना सापडली, आणि तेव्हा लक्षात आलं की ते फोल्डर क्लाउडवर सिंक होतंय, म्हणजे ती फाइल माझ्या फोनवर, जुन्या लॅपटॉपवर, सगळीकडे पोचलेली. त्या दिवशी रात्री दोनपर्यंत पासवर्ड बदलत बसले होते. डिलीट केली तरी बॅकअपमध्ये राहते ते वेगळंच.

कुलूपकिल्ली

@सरळसोट, एक घोळ होतोय. फुल डिस्क ॲक्सेस दिला म्हणून सफारीचे पासवर्ड येत नाहीत, ते कीचेनमध्ये, म्हणजे मॅकच्या पासवर्डच्या तिजोरीत असतात आणि कीचेनचं कुलूप वेगळं. म्हणजे तुमच्या वाटेने गेलं तरी पासवर्डला सीएसव्ही आहेच. मग ॲक्सेस दिलात कशासाठी, तर बुकमार्क आणि हिस्टरी. हिस्टरीचं म्हणाल तर सफारी १८.२ पासून (डिसेंबर २०२४) एक्सपोर्टमध्ये तीही मिळते, सगळ्याची मिळून एक झिप बनते. आता ती झिप समजणारा ब्राउझर पाहिजे, हे कबूल.

आणि विश्वास कंपनीवर आहे की नाही हा मुद्दाच नाही हो. ब्राउझर हा असा प्रोग्राम आहे जो दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड आणून चालवतो. सँडबॉक्स, म्हणजे तो कोड कोंडून ठेवणारं कुंपण असतं, मान्य, पण त्यात भोकं सापडतात म्हणूनच तर अपडेट येत राहतात ना? उद्या एखाद्या भोकातून कुणी बाहेर आलं तर त्याला ब्राउझरचे सगळे अधिकार मिळणार. फुल डिस्क ॲक्सेस चालू असेल तर मेसेजेससकट सगळं त्याच्या पुढ्यात.

तिरपागडे

मला यात वेगळाच वास येतो. हे कुलूप सुरक्षेसाठी आहे हे खरं, पण त्यामुळे सफारी सोडणाऱ्याला चार पायऱ्या जास्त चढाव्या लागतात हेही खरंच की. "अख्खी डिस्क द्या" ही पाटी बघून निम्मे लोक परत फिरत असतील. फक्त बुकमार्कची परवानगी असा बारका स्विच ठेवायला काय अवघड होतं?

आळशी उंट

@तिरपागडे, अहो पण कुलूप नसलं की काय होतं तेही बघा ना. विंडोजवर वर्षानुवर्षं कुठलाही प्रोग्राम तुमच्या नावाने चालू झाला की क्रोमच्या कुकीज (तुम्ही लॉगिन आहात हे साइटला सांगणाऱ्या बारक्या नोंदी) वाचू शकायचा, इम्पोर्ट एकदम सोपं, आणि चोरीही तितकीच सोपी. लॉगिन झालेली कुकी उचलली की पासवर्ड लागतच नाही. म्हणून २०२४ च्या जुलैत क्रोम १२७ मध्ये गुगलने विंडोजवर कुकीजना ॲपशी बांधलेलं एन्क्रिप्शन आणलं, म्हणजे त्या क्रोमलाच वाचता याव्यात. म्हणजे कुलपं सगळेच लावायला लागलेत.

आणि मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये दर वेळी उघडताना दुसऱ्या ब्राउझरचा डेटा आणायचा पर्यायच आहे. ज्यांना तो नकोय त्यांनी सेटिंगमध्ये एकदा डोकावून घ्या, चालू आहे की बंद.

माझं स्वतःचं मत विचाराल तर काहीच नेऊ नका, बुकमार्क सोडून. पासवर्ड वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, मग ब्राउझर दर महिन्याला बदला, काय फरक पडतो. कुठल्या साइटला कॅमेरा, लोकेशन, नोटिफिकेशन दिलंय ते तसंही इम्पोर्टमध्ये येत नाही आणि ते बरंच आहे, दहा वर्षांचा कचरा तिथेच राहतो. फक्त एक करा, नव्या ब्राउझरवर पहिली मीटिंग असेल तर आधी तालीम करून ठेवा. साइट विचारणार कॅमेरा देऊ का, मग मॅक विचारणार या ब्राउझरला कॅमेरा देऊ का, माइकचं तसंच, आणि स्क्रीन शेअर करायला गेलात की तो सांगणार ब्राउझर बंद करून परत उघडा. मी हे चौदा जणांसमोर केलंय.

नवखी

एक शंका. क्रोममधून दुसऱ्या ब्राउझरमध्ये पासवर्ड आणताना मॅकवर एक चौकट येते, "क्रोम सेफ स्टोरेज" वापरू द्यायचं का, आणि लॉगिनचा पासवर्ड मागते. तिथे काय दाबायचं?

कुलूपकिल्ली

नुसतं "अलाउ" दाबा, "ऑलवेज अलाउ" नको. ती चौकट म्हणजे क्रोमच्या सगळ्या सेव्ह केलेल्या पासवर्डची एकच किल्ली आहे. ऑलवेज दाबलंत की तो ब्राउझर पुढे कधीही न विचारता ती वापरणार. आधीच दाबून बसला असाल तर कीचेन ॲक्सेस उघडा, ती नोंद शोधा, ॲक्सेस कंट्रोलमध्ये जाऊन त्या ब्राउझरचं नाव काढून टाका.

सरळसोट

हे ऑलवेजचं बरोबर आहे, वाद नाही. पण सीएसव्हीवर तुम्ही अजून सोयीस्करपणे गप्प आहात. ॲपलच्या पासवर्ड ॲपमधून काढलेल्या सीएसव्हीत शेवटचा कॉलम बघितलाय का? ओटीपीऑथ. लॉगिनचे जे सहा आकडी कोड ते ॲप दर तीस सेकंदांनी बनवतं त्यांचं मूळ गुपित तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे पासवर्ड आणि दुसरा फॅक्टर, दोन्ही एकाच फाइलीत, एकाच ओळीत. पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा मॅकनेच ओळख पटवायची सोय) मात्र त्यात येत नाहीत, त्या मागेच राहतात, म्हणजे धोका पत्करूनही काम अर्धवट.

आळशी उंट

पासकीसकट सगळं एन्क्रिप्टेड नेता यावं म्हणून फिडो अलायन्सने, म्हणजे लॉगिनची मानकं ठरवणाऱ्या कंपन्यांच्या गटाने, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मसुदा काढला होता. ज्यांना घाई नाही त्यांनी आपलं ॲप ते कधी घेतं ते बघावं. मला घाई कधीच नसते.

कुलूपकिल्ली

@सरळसोट, गप्प नाही हो, सीएसव्ही वाईटच आहे. पण ती दहा मिनिटांची वस्तू आहे. सिंक न होणाऱ्या फोल्डरमध्ये काढायची, बॅकअप डिस्क काढून ठेवायची, इम्पोर्ट झालं की लगेच उडवायची, ट्रॅशही रिकामा. निदान फाइल डोळ्यांना दिसते तरी, स्विच दिसत नाही. तुम्ही म्हणता पाच मिनिटांनी बंद केला. आत्ता उघडून बघा बरं यादी.

सरळसोट

बघितली. चालू आहे. मार्चपासून. केला बंद.

सीएसव्हीबद्दलचं मत तेच आहे.